आबासाहेबांच्या सहीचे दोन कागद

नागेशला एम.ए.ला एक्कावन्न टक्के होते आणि कमी पडलेल्या चार टक्क्यांनी त्याचं अख्खं तारुण्य खाल्लं होतं. पंचावन्न असते तर तो प्राध्यापक झाला असता असं मात्र समजू नका. पंचावन्नवाले, साठवाले, नेट झालेलेसुद्धा इंदापूरच्या त्या कॉलेजात दर जूनला मुलाखतीला येत, खुर्चीत अंग चोरून बसत आणि इमारत निधीचा विषय निघाला की चहा अर्धा ठेवून उठत. जो उठत नसे त्याची नेमणूक होई. एक्कावन्नवाल्याला तेवढीही वाट नव्हती. त्याला नियम आडवा येई. ज्यांनी जन्मात एक नियम पाळला नाही ती माणसं नागेशची वेळ आली की नियमाला फार जपत.

म्हणून तो अकरा वर्षं तासावर होता. तास घेतला तर मानधन, नाही घेतला तर काही नाही. एखादा पुढारी वारला की सगळं कॉलेज शोकसभेत मान खाली घालून उभं राहायचं. त्यातलं नागेशचं दुःख तेवढं खरं असायचं, कारण त्याचे तीन तास बुडायचे. सकाळी बारामतीहून एसटी धरायची, उभ्यानं इंदापूर गाठायचं, दुपारी पुन्हा बारामती. मस्टरवर त्याचं नाव नव्हतं, तासवाल्यांची वही वेगळी होती. त्याच्यानंतर लागलेला शिपाई कायम झाला आणि ‘ओ सर, खडू संपलाय, घरून आणा’ असं त्याला सांगू लागला.

लोणी भापकरला त्याचा बाप गेणबा होता. म्हाताऱ्याची उमर मेंढरांमागं गेलेली. आता मेंढरं विकून टाकली होती, दोन एकर कोरडवाहू होतं आणि धाकटा भाऊ टेम्पो चालवत होता. नागेश गावी गेला की गेणबा एकच गोष्ट विचारायचा.

“तुला कायम कवा करणार हाईत?”

“करतील की आबा.”

“माझ्या कळपात म्हातारं मेंढरूबी कायम असायचं बघ. तुला दर उन्हाळ्यात हाकलत्यात आन जूनला परत बोलावत्यात. ही कुठली तऱ्हा म्हणायची?”

नागेश हसायचा. गावात गेणबा सगळ्यांना सांगायचा, पोरगा प्रोफेसर हाय. ते ऐकलं की नागेशला एसटी लवकर यावी असं वाटायचं.

इंग्रजीला दुसरी तासवाली होती मनिषा. बावड्याची. घर उसाचं, बाप कारखान्याचा सभासद, दारात ट्रॅक्टर. एम.ए.ला तिलाही चौपन्नच पडले होते. तरी संस्थेनं एकदा विचारून पाहिलं होतं, काही जमवता का म्हणून. बापानं हिशेब स्वच्छ सांगितला, पोरीच्या नोकरीला देणगी कोण देतं, उद्या नोकरी सासरी जाणार. हुंड्याला मात्र त्याची ना नव्हती. तोही सासरीच जाणार होता, पण ते त्याला चालत होतं.

मनिषा शिकवायची कशी, ते नागेशनं व्हरांड्यात उभं राहून ऐकलं होतं. तो स्वतः वही काढायचा, अकरा वर्षांपूर्वीच्या नोट्स सांगायचा आणि पोरं लिहून घ्यायची. मनिषा वही काढत नसे. ती उसाच्या फडावरच्या, एसटीतल्या, लग्नातल्या गोष्टी काढायची आणि निमगावची, लासुर्ण्याची पोरं अडखळत, लाजत, एकमेकांना कोपरानं ढोसत इंग्रजीत उत्तरं द्यायची. तिच्या तासाला दुसऱ्या वर्गाची पोरं खिडकीत उभी असत. ती आपल्यापेक्षा चांगली शिकवते हे नागेशला ठाऊक होतं आणि मनात मान्यही होतं. म्हणूनच पुढं त्यानं जे केलं त्याला माफी नाही. न कळून केलेल्याला एक वेळ असते.

कात्रण आणलं ते मनिषानंच. शहाण्णव सालचा ऑगस्ट होता. स्टाफरूममध्ये तासवाल्यांना कपाट नसे, दाराजवळचं एक बाक असे. त्या बाकावर तिनं पर्समधून कागद काढला.

“सर, हे वाचा. थायलंडातलं विद्यापीठ आहे. इंग्रजीचे अध्यापक पाहिजेत. दोन वर्षांचा करार, राहायला खोली.”

“आपल्याला कोण घेतंय? गोरे लागतात त्यांना.”

“गोरे येत नाहीत त्या गावाला. बँकॉकपासून रात्रभर लांब आहे म्हणे. खाली बघा, एम.ए. आणि तीन वर्षांचा अनुभव. टक्के विचारलेच नाहीत.”

नागेशनं कात्रण दोनदा वाचलं. खरंच टक्के विचारले नव्हते. त्याला आधी शंका आली, मग त्यानं अर्जाची शेवटची तारीख शोधली.

“तुम्ही भरा, मी पण भरते,” मनिषा म्हणाली. “दोघांतलं एक तरी सुटेल इथनं.”

तिनं सांगितलं नसतं तर नागेशला त्या जागेचा वासही लागला नसता. हे तो नंतर कधीच विसरू शकला नाही, आणि त्यामुळं काही थांबलंही नाही.

अर्ज आले. लांबलचक, गुळगुळीत कागदावर छापलेले. सगळं भरून झालं आणि एका रकान्यापाशी दोघं अडले. तुमच्या संस्थेच्या प्रमुखाचं नाव आणि पत्ता द्या, आम्ही त्यांना तुमच्याविषयी गोपनीय पत्र लिहू. दोघं प्राचार्यांकडं गेले. प्राचार्यांनी हात झटकले.

“माझं नाव अजिबात घालू नका. मी प्रमुख पगारपत्रकाचा. संस्थेचे प्रमुख आबासाहेब. त्यांना डावलून मी परदेशात शिफारस केली असं त्यांच्या कानावर गेलं तर तुमचं जाऊ द्या, मला बदलून कुठं टाकतील?”

दोघांनी आबासाहेबांचं नाव घातलं. त्यात दोघांनाही काही चुकीचं वाटलं नाही. आमच्या भागात ज्यानं काम पाहिलंय त्याची शिफारस कुणी मागत नाही. जो सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लांबचा, त्याची मागतात. तिकडच्या लोकांना शिकवताना पाहिलेला माणूस हवा होता. यांनी त्यांना पेट्रोल पंपाचा मालक दिला.

आबासाहेबांचा पंप पुणे-सोलापूर रस्त्यावर होता. ट्रकांच्या धंद्यात बरकत आल्यावर त्यांनी कॉलेज काढलं, तेही पंपासारखंच चालवलं. पंपाच्या मागच्या खोलीत संस्थेची कचेरी होती आणि कचेरीत रामहरी होता. आबासाहेब सोमवारी पूजा उरकली की लेटरहेडच्या गठ्ठ्यावर खाली सह्या करून ठेवत, आठवड्याच्या सगळ्या एकदम. सहीच्या वर सगळं कोरं. कुणी आलं की रामहरी नाव विचारून मजकूर भरी, सदर इसम माझ्या चांगल्या परिचयाचा असून होतकरू आहे. वसतिगृहाला तेच, रेशनकार्डाला तेच, जामिनालाही तेच.

डिसेंबरात एक दिवस तास संपवून नागेश निघाला तर शिपाई म्हणाला, “पंपावर बोलावलंय. लगेच.”

आबासाहेब खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. टेबलावर दोन लांब पाकिटं फोडून ठेवलेली. तिकिटं रामहरीनं आधीच फाडून घेतली होती.

“या मास्तर. हे बघा काय आलंय. रामहरी म्हणतो इन्कम टॅक्सचं हाय.”

“मी म्हणलं फारिनचा इन्कम टॅक्स असंल,” रामहरी म्हणाला.

“फारिनचा टॅक्स मला का रं लागंल? मी काय तितं पंप टाकलाय?”

नागेशनं कागद उचलले आणि विद्यापीठाचं नाव वाचलं. एक पत्र त्याच्याविषयी होतं, दुसरं मनिषाविषयी. मजकूर सारखाच. हा उमेदवार आपल्या संस्थेत शिकवतो, तरी त्याचं वर्गातलं काम आणि स्वभाव याविषयी मोकळेपणानं लिहावं. खाली आणखी एक ओळ होती. जागा एकच उरली असून आपल्या संस्थेतले दोन अर्ज अखेरच्या यादीत आहेत, म्हणून आपलं मत आमच्या दृष्टीनं मोलाचं राहील.

त्यानं मराठीत सांगितलं. एकच जागा आहे हेही सांगितलं.

“म्हंजी तुमी चालला व्हय थायलंडला?” आबासाहेब म्हणाले. “मज्जा हाय. आन ही दुसरी बाई कोण?”

“इंग्रजीलाच आहेत. चार वर्षं झाली. बावड्याच्या.”

“ती उंच हाय ती?”

“नाही.”

“मग न्हाय ध्यानात येत.” आबासाहेबांनी पाय खाली सोडले. “बरं, लिवून टाका काय लिवायचं ते.”

“मी? आबासाहेब, माझ्याबद्दल मीच कसं लिहू? ते तुम्हाला विचारतात.”

“मग काय मी लिवू? मला येबीशीडी येत असती तर तुमाला कशाला ठिवलं असतं?”

रामहरी खो खो हसला. नागेशही हसला. अकरा वर्षांत त्याला ती सवय झाली होती, आबासाहेब बोलले की दात दाखवायची.

“तिचंबी तुमीच लिवा,” आबासाहेब उठत म्हणाले. “बाईमाणूस हाय, चांगलं लिवा. रामहरी, दे रं दोन कागद.”

रामहरीनं गठ्ठ्यातून दोन कागद काढले. खाली सही, वर कोरं. नागेशनं ते वहीत घातले आणि बारामतीची गाडी धरली.

गाडीत त्याला बसायला जागा मिळाली. त्यानं मांडीवर वही ठेवली आणि आधी मनिषाचं पत्र लिहायला घेतलं. ते सोपं होतं. या महाविद्यालयात इतकं चांगलं इंग्रजी शिकवणारं दुसरं कोणी नाही, असं पहिलंच वाक्य झालं. पुढं खिडकीत उभ्या राहणाऱ्या पोरांचं लिहिलं. जंक्शनपर्यंत पान भरलं. मग स्वतःचं लिहायला घेतलं आणि भवानीनगर गेलं तरी दोन ओळींच्या पुढं सरकेना. अकरा वर्षांचा अनुभव, नियमित, वक्तशीर. पुढं काय? वही काढून सांगतो, असं थोडंच लिहिणार?

बारामतीच्या स्टँडजवळ ओळखीच्या टायपिंग क्लासचा मालक त्याला दुपारचं एक मशीन मोकळं देत असे. पोरींची खडखड चालू होती. नागेशनं गाडीत लिहिलेलं पान समोर उभं केलं आणि ते पहिलं वाक्य पुन्हा वाचलं. दुसरं कोणी नाही. म्हणजे तोही नाही. स्वतःच्या हातानं, आबासाहेबांच्या सहीवर, तो स्वतःला नापास करत होता. चार वर्षं शिकवलेली पोर थायलंडला जाणार, आणि हा इथं खडू घरून आणणार.

त्याच्या आतून काहीतरी वर आलं. अकरा वर्षांचं साचलेलं. पण राग माणसाला शूर करतो हे खोटं आहे. ज्यांनी त्याला दर उन्हाळ्यात हाकललं त्यांच्या पंपाची एक काच फोडायची नागेशची छाती नव्हती. त्यांच्यासमोर तो दोन तासांपूर्वी दात काढून आला होता. राग नेहमी जवळच्या आणि खालच्या माणसावर निघतो. जवळ मनिषा होती.

आणि मनिषानं त्याला एक गोष्ट सांगितली होती. कॉलेजात फक्त त्याला. इंदापूरच्या स्टँडवर, दिवाळीच्या आधी.

“घरी स्थळ बघितलंय, सर. साखर कारखान्यात केमिस्ट आहे. बायकोनं नोकरी करायची नाही म्हणतात. चैत्रात उरकायचं चाललंय. त्याच्या आधी तिकडचं पत्र आलं तर मी निघून जाईन, कुणाचं ऐकणार नाही. नाही आलं तर बसेन पाटावर. कुणाला बोलू नका हं.”

नागेश कुणाला बोलला नाही. त्यानं टाइप केलं.

कुमारी मनिषा प्रामाणिक, नम्र आणि आज्ञाधारक आहेत. विद्यार्थ्यांमध्ये त्या प्रिय आहेत. त्यांचं कुटुंब प्रतिष्ठित असून त्यांचा विवाह येत्या एप्रिलच्या सुमारास होण्याची शक्यता आहे. आमच्या भागात विवाहानंतर स्त्रिया सहसा घराबाहेर काम करत नाहीत. त्या कराराची दोन वर्षं पूर्ण करू शकतील किंवा नाही, याविषयी खात्रीनं सांगणं मला कठीण आहे. त्यांना माझ्या शुभेच्छा आहेत.

त्यानं ते वाचलं. एक अक्षर खोटं नव्हतं. बरोबर सहीच्या वर बोटभर जागा सोडून मजकूर संपला होता. मग त्यानं स्वतःचं टाइप केलं आणि ते भराभर आलं. बसमधलं पान चुरगाळून खिशात घातलं, पाकिटं चिकटवली आणि पोस्टात टाकली.

जानेवारीत मनिषानं विचारलं, “सर, आबासाहेबांकडं काही चौकशी आली असेल का हो? रामहरीला विचारू का?”

“कशाला? आली असती तर मला बोलावलं असतं. इंग्रजी दुसऱ्या कुणाला येतंय तिथं?”

“ते पण खरंच.”

फेब्रुवारीत तिनं पुन्हा विचारलं आणि त्यानं पुन्हा नाही म्हटलं. या वेळी ते बोलणं त्याला जड गेलं नाही. महिनाअखेरीला बावड्यात सुपारी फुटली. मनिषा दोन दिवस रजेवर होती. तासवाल्यांना रजा नसते, तास बुडतात. ते नागेशनं घेतले. खिडकीत कुणी उभं राहिलं नाही.

मार्चमध्ये नागेशचं नेमणुकीचं पत्र आलं. आबासाहेबांनी सत्कार ठेवला. शाल, नारळ, कापडी फलक. आबासाहेब भाषणात म्हणाले, आमच्या संस्थेचा माणूस आता सातासमुद्रापार प्रोफेसर झाला, आमी माणूस पारखून घेतो. गेणबा लोणीहून आला होता, पहिल्या रांगेत फेटा सावरत बसला होता. घरी जाताना त्यानं विचारलं, “तितं तरी कायम करणार हाईत का?”

“दोन वर्षांनी बघू म्हणतात.”

“बरं,” गेणबा म्हणाला.

सत्काराला मनिषा आली नव्हती. ती आली दुसऱ्या दिवशी, दुपारी, इंदापूरच्या स्टँडवर. नागेश बारामतीच्या फलाटावर उभा होता. तिच्या हातात पाकीट होतं, तेच लांब, त्याच रंगाचं.

“काल घरी आलं,” ती म्हणाली. “वाचा.”

नागेशनं वाचलं. आपली पात्रता आणि अर्ज आम्हाला अतिशय आवडला होता. मात्र आपला विवाह लवकरच होणार असल्यामुळं दोन वर्षांच्या कराराचा भार आपल्यावर टाकणं आम्हाला योग्य वाटलं नाही. आपल्या संस्थेच्या अध्यक्षांनी याबाबत प्रामाणिकपणे कळवलं, त्याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. आपल्याला वैवाहिक जीवनासाठी शुभेच्छा.

त्यानं कागद घडी घालून परत दिला. घडी नीट बसेना.

“आबासाहेबांना कसं कळलं काय माहीत,” तो म्हणाला. “बावड्यातनं कुणीतरी...”

“आबासाहेबांना माझं नाव माहीत नाही, सर. गेल्या महिन्यात व्हरांड्यात त्यांनी मला विचारलं, तुम्ही कुणाच्या पालक.”

गाडी येतेय का बघावं तसा नागेश रस्त्याकडं बघू लागला.

“काय लिहिलं होतंत?”

“मनिषा मॅडम, माझी काय अवस्था झालीय अकरा वर्षं, तुम्हाला माहीत आहे...”

“ते मला माहीत आहे. ते नाही विचारलं. काय लिहिलं होतंत ते सांगा. जसंच्या तसं. मला माझ्याबद्दलचं ऐकायचंय.”

ती रडत नव्हती. ओरडतही नव्हती. ओरडली असती तर चार माणसं जमली असती आणि नागेशला तिच्यावर रागावता आलं असतं. ती वर्गात पोराला उभं करून थांबावं तशी थांबली होती. शेजारी एक बाई पिशवीतून पोराला केळं सोलून देत होती.

नागेशनं सांगितलं. इंग्रजीत, हळू आवाजात, पहिल्या शब्दापासून. प्रामाणिक, नम्र आणि आज्ञाधारकपासून शुभेच्छांपर्यंत. कुठं अडखळला नाही. एवढं सलग इंग्रजी तो वही न उघडता कधी बोलला नव्हता.

“खोटं काहीच नाही यात,” मनिषा म्हणाली.

“नाही.”

“म्हणूनच त्यांना पटलं.” तिनं पाकीट पर्समध्ये ठेवलं. “माझे सगळे तास तुम्हाला बाहेरून ऐकू यायचे, सर. मला दिसायचात तुम्ही खांबाआड. मला वाटायचं, एक तरी माणूस आहे ज्याला कळतंय.”

बावड्याची गाडी लागली. माणसं दाराकडं धावली, एकानं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. मनिषा गर्दी ओसरायची वाट बघत उभी राहिली.

“आणि स्वतःबद्दल काय लिहिलंत?”

नागेशनं तोंड उघडलं. वक्तशीर, एवढं आठवलं. नियमित. त्याच्यापुढं आख्खं पान होतं, भराभर टाइप केलेलं. त्यातलं एक वाक्य त्याला आठवेना. तो आठवत राहिला आणि ती बघत राहिली.

“असू द्या,” ती म्हणाली आणि गाडीत चढली. कंडक्टरनं दार ओढलं. जागा मिळाली नव्हती तिला. वरचा दांडा धरून ती फलाटाकडं पाठ करून उभी होती.

बारामतीची गाडी उशिरा आली. नागेशला खिडकीची जागा मिळाली. निमगाव गेलं, जंक्शन गेलं, लासुर्ण्याला दोन माणसं उतरली. सगळा रस्ता तो स्वतःविषयी लिहिलेलं एखादं तरी वाक्य शोधत होता. आठवत होतं ते तिचंच, जसंच्या तसं.